मराठीत वेब ॲड्रेस मिळतो, मग तो फ्रॉड लिंकसारखा का दिसतो?

मराठी विकिपीडियावरच्या ‘पुणे’ या पानाची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकून बघा. ‘पुणे’च्या जागी बहुतेक वेळा टक्क्याची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं अशी ३६ चिन्हांची माळ उमटते. समोरचा लगेच विचारतो, ‘ही लिंक सेफ आहे ना?’

हे झालं पानाच्या नावाचं. त्याआधीचं डोमेन तिथं इंग्रजीतच असतं. पण डोमेनही मराठीत घेता येतं, आणि तेही कालपरवापासून नाही. २७ ऑगस्ट २०१४ ला ‘.भारत’ सुरू झालं, ते देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी. त्यात मराठी आणि कोकणीही होत्या. २०२१ मध्ये तर ‘.इन’ डोमेन घेणाऱ्याला भारतीय भाषेतलं एक डोमेन फुकट द्यायची योजनाही आली. तरी तुम्ही शेवटचं ‘.भारत’ कधी टाइप केलंत, आठवतंय?

अडचण समजायला थोडं आत डोकवावं लागेल. इंटरनेटवर पत्ते शोधून देणारी जी यंत्रणा आहे, डीएनएस, तिथं वेबसाइटची नावं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावरच चालतात. ती मुळापासून बदलायची म्हणजे जगभरचं इंटरनेट उघडून बसायचं. म्हणून २००३ मध्ये एक जुगाड आला, प्युनीकोड. तुम्ही ‘भारत’ टाइप करता, ब्राउझर त्याचं रूपांतर करतो: एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि मग एच, २, बी, आर, जे, ९, सी. पुढचा सगळा प्रवास याच नावानं होतो.

हे रूप पडद्यामागंच राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण २०१७ मध्ये एका संशोधकानं रशियन लिपीतली, इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरं वापरून एक डोमेन घेतलं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते हुबेहूब ॲपल कंपनीचा पत्ता वाटत होतं. त्यानंतर क्रोमनं नियम कडक केले, आणि संशय आला की ब्राउझर मूळ नावाऐवजी प्युनीकोड दाखवतो. काळजी योग्यच. पण लिंक कॉपी करतानाही अनेकदा तेच रूप येतं, आणि आपल्याला शिकवलंय काय? ‘विचित्र लिंक उघडू नका.’ म्हणजे अगदी खरा मराठी पत्ताही फॉरवर्ड झाला की चोराच्या वेशात फिरतो.

आपल्या लिपीचे पेच आणखी वेगळे. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या डोंगरातल्या. यातला ‘दऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत ‘र’चा पाय मोडून त्यापुढं न दिसणारं चिन्ह बसतं. २००३ च्या नियमांत ते चिन्ह गाळलं जायचं, म्हणजे दऱ्या शोधणारा थेट दर्यात! २०१० च्या नियमांनी त्याला ठरावीक जागी मुभा दिली. पण आता डोळ्यांना एकच दिसणारे दोन ‘दऱ्या’ कॉम्प्युटरला वेगळे वाटतात. नोंदणी करणाऱ्यांनी अडवलं नाही, तर दोन वेगळे मालक दोन्ही घेऊ शकतात.

रशियाचा अनुभव उलटा आहे. तिथं स्वतःच्या लिपीतलं डोमेन २०१० मध्ये सगळ्यांना खुलं झालं आणि काही महिन्यांतच लाखो नोंदण्या झाल्या. मला यातलं मोठं कारण कीबोर्ड वाटतं. तिथल्या बटणांवर रशियन अक्षरं छापलेली असतात. आपण मराठी टाइप करायलाही आधी इंग्रजी स्पेलिंग ठोकतो.

ईमेलचंही तेच. इतर लिप्यांतल्या पत्त्यांसाठीचं तांत्रिक मानक २०१२ मध्ये आलं, जीमेलनं २०१४ मध्ये असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली. पण एखाद्या फॉर्मच्या कोडमध्ये ‘फक्त ए ते झेड’ असं लिहून ठेवलं असेल, तर तुमचा देवनागरी ईमेल तिथं ‘इनव्हॅलिड’च ठरणार.

म्हणून यापुढं एक्स-एन आणि दोन रेघांनी सुरू होणारी लिंक आली, तर तेवढ्यावरून ती फ्रॉड ठरवू नका. आणि देवनागरीत दिसली म्हणून खरीही मानू नका. पाठवणाऱ्याला विचारा, आणि पैसे किंवा ओटीपीचा मामला असेल तर पत्ता स्वतः टाइप करा. मराठीत असला तरी.