स्वल्पविरामानंतर कोण?



विहारातील अभ्यासवर्गात गेल्या रविवारी बँक परीक्षेचा सराव चालू होता. एका मुलीने वही पुढे केली. वाक्य होते, 'हॅविंग पास्ड द एक्झाम, द बँक गेव्ह हर अ जॉब.' तिने ते बरोबर ठरवले होते आणि उत्तर चुकले होते. "सर, परीक्षा पास झाल्यावर बँकेने तिला नोकरी दिली. यात चूक कुठे आहे?"

मराठीत काहीच चूक नाही. 'पास झाल्यावर', 'चालताना' ही आपली रूपे मोकळी असतात. पास कोण झाले ते आपण अर्थावरून ओळखतो. इंग्रजीत असा तुकडा आरंभी आला की तो स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला चिकटतो. म्हणजे येथे परीक्षा बँकच पास झाली! हवे ते असे: 'हॅविंग पास्ड द एक्झाम, शी गॉट अ जॉब इन द बँक.'

तेव्हा पर्याय वाचण्याआधी तुकड्याला 'कोण?' असे विचारा आणि स्वल्पविरामापुढे तोच आहे का ते पाहा. खरा सापळा पुढेच आहे. 'हॅविंग स्टडीड ऑल नाइट, हर आइज वेअर रेड.' 'हर' दिसले की जीव भांड्यात पडतो. पण कर्ता 'आइज' आहे. रात्रभर अभ्यास डोळ्यांनी केला काय? येथे तुकडाच उलगडावा: 'ऍज शी हॅड स्टडीड ऑल नाइट, हर आइज वेअर रेड.' 'जनरली स्पीकिंग'सारख्या रूढ तुकड्यांना मात्र ही अट नाही.

'ओन्ली' आपल्या 'च'सारखा समजा. 'ओन्ली शी पास्ड इन इंग्लिश' म्हणजे तीच पास झाली. 'शी पास्ड ओन्ली इन इंग्लिश' म्हणजे इंग्रजीतच झाली, बाकी विषयांत गेली.

ज्या घरात इंग्रजी बोलतात तेथील मुलांना चूक कानाला खटकते. आपल्या मुलांना नियम लावून शोधावी लागते, आणि बँक परीक्षेत चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पण यात कमीपणा कसला? सुभेदार रामजींनी भीमरावांना घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतूनच इंग्रजी शिकवले. मराठी वाक्य शेजारी ठेवून शिकण्याची ही रीत आपल्याला परकी नाही.

आता हे दुरुस्त करा: 'वॉकिंग टू द विहार, द रेन स्टार्टेड.' उत्तर पुढील अंकात.