आजीला आधी बरी कर!

दोस्तांनो,

सहामाहीचं वेळापत्रक वर्गातल्या फळ्यावर लागलं असेल, आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुमचं दुसरंच वेळापत्रक सुरू झालं असेल. घटस्थापना कधी, दसऱ्याला कोणता वार, दिवाळीची सुट्टी किती दिवसांची! खरंय की नाही?

दरवर्षी या सुमाराला पत्रांच्या गठ्ठ्यात एक ठरावीक पत्र असतंच. या वेळी ते कुर्ल्याहून आलंय, आठवीतल्या एका मैत्रिणीचं. (नाव छापू नका, असं तिनं दोनदा लिहिलंय.) तिच्या क्लासमधल्या मुलींनी दांडियाचे पास काढायचं ठरवलंय. मोठं मैदान, नावाजलेली गायिका, रंगीत दिवे, सगळा थाट. हिच्याजवळ मात्र दिवाळीपर्यंतचे मिळून शंभर रुपये आहेत. मग हिनं काय केलं? आजीला आजारी पाडलं! आजीला बरं नाही, मला जमणार नाही, असं सांगून मोकळी झाली. आणि आजी तर रोज संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसलेली सगळ्यांना दिसते. आता काय करू, असं विचारतेय.

हे बघ, आजीला आधी बरी कर. आणि मैत्रिणींना सरळ सांग, पास मला परवडत नाही. एवढं बोलायला जीभ जड होते, कबूल. पण तिथेच थांबलीस तर नऊ रात्री घरी बसशील आणि मैत्रिणीही अवघडतील. म्हणून वाक्य पुढे ने. "पण मी सप्तमीला शिवाजी पार्कला जाणार आहे, येता का?" कुठे जायचं ते तुझ्याकडे पक्कं असलं, की नुसतं नाही म्हणणारी तू राहत नाहीस, बोलावणारी होतेस.

आता शिवाजी पार्कच का? तर तिथे बंगाल क्लबची दुर्गापूजा असते आणि देवीच्या दर्शनाला तिकीट नसतं. आपल्याकडे नवरात्र म्हणजे घट, भोंडला, गरबा. बंगाली लोकांची दुर्गा माहेरपणाला येते, तीही लेकरांना घेऊन. लक्ष्मी आणि सरस्वती या तिच्या मुली, गणपती आणि कार्तिकेय हे मुलगे. आपल्या बाप्पाला असा भावंडांबरोबर उभा राहिलेला बघायला गंमत वाटते. संध्याकाळच्या आरतीला ढाक नावाचा मोठा ढोल वाजतो आणि हातात धुपाची पेटती धुपाटणी घेऊन लोक नाचतात. अष्टमीच्या रात्री पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी सप्तमी म्हटलं. दिवेलागणीच्या आधी पोचायचं आणि आरती झाली की निघायचं. खाण्याच्या दुकानांपुढून मात्र नाक धरून चालायचं, नाहीतर शंभर रुपये तिथेच संपतील!

खर्चाचं बघू. कुर्ला ते दादर लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपये, परतीचं धरून दहा. दादर पश्चिमेला उतरून रानडे रोडनं चालत सुटलं की पंधरा-वीस मिनिटांत पार्क. बस नकोच. २०२५ च्या मे महिन्यात बेस्टचं कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं, म्हणजे जायचे-यायचे वीस रुपये नुसते दोन-तीन स्टॉपसाठी. (बेस्टवर माझा राग नाही, पण चालणाऱ्याला रस्त्यावरची रांगोळीसुद्धा दिसते.) डब्यात पोळीचा रोल, बाटलीत पाणी. बरोबर घरातलं एक मोठं माणूस हवंच. चुकामूक झाली तर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी थांबायचं, हे निघतानाच ठरवा. गर्दीत मोबाइल लागेलच याचा भरवसा नसतो.

आणि दांडिया? तोही बुडवायला नको. पासवाली मैदानं थोडी, चाळींची पटांगणं आणि सोसायट्यांची आवारं पुष्कळ. तिथे पास कुणी विचारत नाही. फक्त ओळखीचं कुणीतरी त्या आवारातलं असलं म्हणजे झालं. टिपऱ्या आईच्या ट्रंकेत सापडतील.

याच दिवसांत एक काम आकाशातही आहे. कुणाकडे दुर्बीण असेल तर अष्टमीच्या संध्याकाळी चंद्र बघा. कोजागिरीची वाट बघू नका! पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या पडत नाहीत, म्हणून खड्डे नीट दिसत नाहीत. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराची जी रेघ असते, तिच्या कडेला खड्ड्यांच्या सावल्या लांबलचक पडतात. कोजागिरी दुधासाठी ठेवा. घरटी एक पेला दूध, कुणी साखर, कुणी वेलची आणि गच्चीची किल्ली. वर्गणी काढायची गरजच पडत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे दादरचा फुलबाजार एकदा बघाच. स्टेशनच्या पश्चिमेला, केशवसुत उड्डाणपुलाच्या आसपास, नुसता झेंडूच झेंडू! पिवळे डोंगर, केशरी डोंगर, मधून हमालांची आरोळी, आणि आपण बाजूला झालो नाही तर डोक्यावर करंडा. विकत घ्यायचं असेल तर तयार तोरण घेऊ नका. चार घरांनी मिळून सुटी फुलं घ्या, आंब्याची पानं घ्या आणि घरी ओवा. हात चालत असेल तर शेजारच्या काकूंचं तोरणही ओवून द्या. त्यांनी हातावर दहा-वीस रुपये ठेवले तर नको नको म्हणू नका, ती कमाई आहे.

दसरा झाला की ऑक्टोबरचं ऊन. दुपारी घरात बसवत नाही आणि बाहेर फिरवत नाही. अशा वेळी काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी! १९५२ साली सुरू झालेली ही गॅलरी आत जायला पैसे घेत नाही. सीएसएमटीहून चालत जाता येतं. पुष्कळदा चित्रकार स्वतःच्या चित्रांजवळ बसलेले असतात. त्यांना विचारा, हा निळा रंग कसा केला? मोठी माणसं विचारायला लाजतात, म्हणून लहान कुणी विचारलं की ते खूश होतात. चित्राला हात तेवढा लावू नका.

पाऊस ओसरता ओसरता भरणारी वांद्र्याची मोत माउलीची जत्रा, म्हणजे माउंट मेरीची, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. ती ज्यांची हुकली त्यांनी पुढच्या वर्षीसाठी वहीत लिहून ठेवा. हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणबत्त्या तिथे मिळतात. ज्याचं जे मागणं, तसली मेणबत्ती. बघायला काही पडत नाही.

दिवाळी अंकांचं गणित तर फारच सोपं आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. आता इतके अंक निघतात की सगळे विकत घेणं श्रीमंतालाही जमायचं नाही. पाच मित्रांनी पाच वेगवेगळे घ्यावेत आणि दर चार दिवसांनी फिरवावेत. कोणता अंक कुणी घ्यायचा यावर भांडण होणारच, चिठ्ठ्या टाका. पानं दुमडणाऱ्याला शेवटचा नंबर.

आता उरला आकाशकंदील. माहीमच्या कंदील गल्लीत नुसती एक चक्कर मारून या. विकत घ्यायला नाही, शिकायला. चांदणीच्या कामट्या कोपऱ्यात कशा बांधल्यात, कागद कुठे दुमडलाय, झिरमिळ्या किती लांब आहेत, ते नीट बघा. लगेच वहीत काढून ठेवा, घरी येईपर्यंत विसरायला होतं. दुकानदाराला गिऱ्हाईक असेल तर मध्ये उभं राहू नका. आत एलईडीचा दिवा लावलात तर जुन्या बल्बपेक्षा तो खूप कमी तापतो, त्यामुळे पतंगी कागद करपायची भीती उरत नाही.

कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि वाटीभर खळ एवढं जमवून ठेवा. पंचकोनी चांदणीची कृती मापांसकट पुढच्या अंकात देते. आणि कुर्ल्याच्या मैत्रिणी, सप्तमीला कितीजणी आल्या ते कळव. आजीला माझा नमस्कार सांग.

तुमची,
ताई