आधी जीवाणू, मग मासे

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की शाळेत काचेची टाकी येते, पाणी भरले जाते आणि दुसऱ्याच दिवशी रंगीत मासे सोडले जातात. पाहुणे कौतुक करतात. आठवडाभरात मासे एकेक करून मरतात आणि ‘पाणी मानवले नाही’ असे म्हणून टाकी माळ्यावर जाते. आमच्या मते दोष पाण्याचा नसून घाईचा असतो. आणि मत्स्यालय खाऱ्या पाण्याचे असेल, तर ही घाई अक्षम्यच समजावी.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि पुढे अनेक वर्षे शालेय सहलींचे ते ठरलेले ठिकाण होते. आता समुद्री क्षारांचे मिश्रण विकत मिळते. एक लिटर पाण्याला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात ते विरघळवले, तर समुद्रापासून दूर, मुळशी तालुक्यातील चांदे गावच्या शाळेतही मत्स्यालय होऊ शकेल. (नुसते खाण्याचे मीठ चालत नाही, त्यात समुद्रातील इतर क्षार नसतात.) पण खारे पाणी म्हणजे समुद्र नव्हे. मग उणे काय राहते?

उणे राहतात सूक्ष्मजीव. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही अमोनिया होतो. तो कल्ल्यांना इजा करतो. त्यातून समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. सामू ७ असलेल्या पाण्यात अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात राहतो, त्याच्या दहापटीहून अधिक भाग येथे राहतो.

हे विष संपवतात जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना त्यामानाने फारच कमी अपायकारक असते. हीच क्रिया शेतातही चालते. शेतकरी ताजे शेण रोपांना घालत नाही, खड्ड्यात कुजवून मग घालतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. टाकीलाही असेच मुरू द्यावे लागते.

त्यासाठी टाकीत वाळू, दगड व गाळणी बसवून हवेचा पंप चालू करा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवा, कारण तो जीवाणूंनाही मारतो. माशांचे खाद्य चिमूटभर रोज टाका. जुन्या, निरोगी खाऱ्या टाकीतील मूठभर वाळू मिळाली तर उत्तम. ते विरजणच होय. पाणी आटले तर साधेच पाणी घाला, कारण क्षार उडून जात नाहीत. तपासणी संचाने दर दोन दिवसांनी पाणी तपासून आलेख काढा. आधी अमोनिया चढेल व उतरेल, मग नायट्राइट चढेल व उतरेल, शेवटी नायट्रेट साचत जाईल. खाद्य टाकूनही अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर राहू लागले, की टाकी तयार झाली. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मग थोडे पाणी बदला आणि सुरुवातीला एकदोनच मासे सोडा.

काही जण म्हणतात, एखादा काटक मासा आधीच सोडावा, त्याच्या अमोनियावर जीवाणू वाढतील. वाढतील खरे, पण जे काम चिमूटभर खाद्याने होते, त्यासाठी एका जिवाचे कल्ले का जाळावेत? विदूषक माशांची टाकीत पैदास करता येते. तरी शोभेचे बहुतेक सागरी मासे आजही प्रवाळांच्या परिसरातून पकडूनच आणले जातात. येथे मेलेल्या माशाची जागा भरायला तेथून दुसरा मासा जातो.

आणि शिक्षकहो, बिनमाशांची टाकी म्हणजे वाया गेलेले दिवस, असे मानू नका. अमेरिकेत सिएटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतून अमोनियावर जगणारा एक अगदी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव संशोधकांनी वेगळा केला. २००५ साली तो जगापुढे आला, आणि त्याचे भाईबंद महासागरांत विपुल असल्याचे आढळले. माशांकडेच पाहणाऱ्याला तो कधी दिसला नसता.

तेव्हा यंदा प्रदर्शनात बिनमाशांची टाकी मांडा, शेजारी आलेख लावा आणि पाटी लिहा: ‘येथे जीवाणू वाढत आहेत. मासे सहा आठवड्यांनी येतील.’