आधी युधिष्ठिर, मग अर्जुन



संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या अंबरपेठेच्या घरी एक पाहुणा होता. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू, वय वर्षं एकोणीस, मुक्काम अमेरिकेतलं विस्कॉन्सिन. गुळपोळीवर तूप वाढता वाढता मी सहज विचारलं, "अभ्यासाव्यतिरिक्त काय चाललंय रे?" तोही तितक्याच सहजपणे म्हणाला, "तिरंदाजी शिकतोय, मावशीआजी. ऑक्टोबरात हरणाच्या शिकारीला गेलो होतो."

आमच्याकडे आम्लेटचा तवासुद्धा वेगळा ठेवतात. पंगतीत एकदम शांतता झाली. सूनबाईंनी विषय पतंगांवर नेला. पोरगा खाली मान घालून पोळीचे तुकडे करत राहिला. पण त्याला आणखी काही सांगायचं होतं, हे मला कळलं.

रात्री गच्चीवर पतंगांचे मांजे गोळा करताना त्याने ते सांगितलं. त्याचा बाण हरणाला लागला होता, पण हरीण सापडलं नव्हतं. काळोख पडेपर्यंत तो रक्ताचे थेंब शोधत फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. घरी कुणालाच बोलला नव्हता. "नेम चुकला का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही ना! जिथे धरला होता तिथेच लागला. तेच तर कळत नाहीये."

मंडळी, मी दर रविवारी मुलांना गोष्टी सांगते. अर्जुनाला पोपटाचा फक्त डोळा दिसतो, ही त्यातली हुकमी गोष्ट. नेम बरोबर असूनही चुकतो, हे माझ्या गोष्टीत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हरणं दाखवायला घेऊन गेले. आमच्याकडून मुसी ओलांडायची, दिलसुखनगर, एल. बी. नगर मागे टाकायचं, की वनस्थळीपुरमला महावीर हरिणवनस्थळी राष्ट्रीय उद्यान लागतं. निजामाच्या काळी ही शिकारीची राखीव जागा होती. भगवान महावीरांच्या निर्वाणाला 2500 वर्षं झाली, त्यानिमित्ताने 1975 मध्ये उद्यानाला हे नाव मिळालं. शिकारखान्याला अहिंसेचं नाव! इथल्या काळविटांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं पूर्ण कवच आहे. आपल्याकडे शिकार हा गुन्हाच आहे.

"मग तुमच्याकडे कसं चालतं?" मी विचारलं. तिकडे लांडगे, पुमा यांसारखे मोठे शिकारी प्राणी बऱ्याच भागांतून नाहीसे झाले आणि हरणांची संख्या बेसुमार वाढली, असं त्याने सांगितलं. ती शेतं खातात, कोवळी झाडं खातात, रात्री गाड्यांसमोर येतात. म्हणून ठरावीक हंगामात, परवाना काढून शिकार करता येते. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. शिकारीच्या साहित्यावरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा देणारा कायदा तिकडे 1937 पासून आहे. मला सगळं पटलं असं नाही, पण ऐकून घेतलं.

तेवढ्यात गवतातून एक काळवीट बाहेर आलं. काळी पाठ, पिळाची शिंगं. ते आडवं उभं राहिलं, तसं पोराने बोट केलं. "आता बघ. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथे हृदय आणि फुप्फुसं असतात." बंदुकीच्या गोळीचा धक्का मोठा असतो, बाणाला तो नसतो. बाण कापत जातो आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. भलतीकडे लागला तर तासन् तास तळमळतं. एवढ्या मोठ्या जनावरात उपयोगाची जागा किती? आपल्या नाश्त्याच्या ताटलीएवढी. म्हणून तिकडे कागदी ताटलीवर सराव करतात. ज्या अंतरावरून सगळे बाण ताटलीत बसतात, तेवढंच आपलं अंतर. त्यापलीकडे हरीण असेल तर बघायचं आणि सोडून द्यायचं.

काळवीट जरा वळलं. आता त्याचं तोंड आमच्याकडे, तिरकं. पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "माझं हरीण असं उभं होतं."

सरावाच्या मैदानावर फोमचं हरीण कायम आडवं उभं असतं. तिथे 'खांद्यामागे' हे त्याच्या हाताला पाठ झालं होतं. जंगलातही त्याने खांद्यामागेच नेम धरला आणि बाण तंतोतंत तिथेच लागला. पण हरीण तिरकं, तोंड याच्याकडे. बाण खांद्यामागून आत शिरला आणि फुप्फुसांच्या मागे, पोटात गेला. नेम कातडीवरच्या ठिपक्यावर धरायचा नसतो. बाण आत कुठून जाणार आणि पलीकडे कुठे निघणार, ती सगळी रेघ मनात ओढायची असते. हरीण तिरकं पण पाठमोरं असेल, तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने नेम धरतात. बाण पोटाच्या बाजूने शिरला तरी छातीत पोचतो. हरीण समोरून किंवा तिरकं तोंड करून उभं असेल, तर वाट पाहायची. ते वळेल. नाही वळलं तर जाऊ द्यायचं.

आणखी एक गंमत. बाण सेकंदाला साधारण 80-90 मीटर जातो आणि आवाज 340 मीटर. म्हणजे दोरीचा टणत्कार हरणाच्या कानावर आधी पोचतो. ते पळण्यासाठी पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि बाण वरून निघून जातो किंवा पाठीत लागतो. सावध हरणावर बाण सोडायचा नाही, तो यासाठी.

दुसरी चूक बाण लागल्यानंतरची. पोटात लागलेलं हरीण थोड्या अंतरावर जाऊन बसतं. अशा वेळी आठ-दहा तास त्याच्या मागे जायचं नसतं. हा घाबरून लगेच धावला. हरीण उठलं आणि गेलं ते गेलंच.

घरी येताना मी म्हटलं, "आपल्या पुराणांतही असंच झालंय रे." दशरथाने पाण्याच्या आवाजावर बाण सोडला, तो श्रावणाला लागला. पंडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडले, तो किंदम ऋषी निघाला. जरा नावाच्या व्याधाला झाडाखाली हरीण दिसलं, ते श्रीकृष्णाचं पाऊल होतं. तिघांचे बाण बरोबर जिथे सोडले तिथेच लागले. हात कुणाचाच चुकला नव्हता, बघणं चुकलं होतं.

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "अर्जुनाच्या गोष्टीत युधिष्ठिर काय म्हणतो ग?"

युधिष्ठिर म्हणतो, मला झाड दिसतं, पक्षी दिसतो, तुम्ही दिसता, भाऊही दिसतात. द्रोण त्याला बाजूला व्हायला सांगतात.

"पण तो पक्षी खरा नव्हता ना?"

नव्हता. महाभारतात तो कारागिरांकडून करवून घेतलेला, झाडावर बसवलेला पक्षी आहे. तो वळणार नव्हता, उडणार नव्हता. आजच्या स्पर्धांतलं लक्ष्यही असंच. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाऊंड धनुष्यात विश्वविजेते झाले. 50 मीटरवरच्या त्यांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त 8 सेंटिमीटरचं. तिथे अर्जुनासारखं तेवढंच बघायचं, बाकी सगळं विसरायचं.

"जंगलात आधी युधिष्ठिर व्हायला पाहिजे," पोरगा म्हणाला. "हरीण कसं उभंय, मध्ये फांदी आहे का, मागे कुणी माणूस आहे का, ते सावध आहे का. सगळं बघून झालं की मग अर्जुन. मी सुरुवातच अर्जुनापासून केली."

जायच्या आदल्या रात्री त्याने वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मी विचारलं नाही. बोलणं मात्र पाऊण तास चाललं. पुढच्या हंगामात तो जाणार आहे की नाही, हेही ठरलेलं नाही. मला विचाराल तर त्याने जाऊ नये असंच वाटतं, आणि तसं मी त्याला सांगितलंय. त्याने "बघतो" म्हटलंय.

परवाच्या रविवारी मुलांना मी अर्जुनाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी युधिष्ठिराला बाजूला केल्यावर थांबले आणि विचारलं, "तो पक्षी खरा असता, तर तुम्ही आधी काय काय बघितलं असतं?" पहिल्या रांगेतली एक चिमुरडी लगेच म्हणाली, "त्याची पिल्लं घरट्यात आहेत का ते."

तुमच्या घरातल्या मुलांनाही विचारा आणि ती काय म्हणतात ते मला जरूर कळवा.