शिमिटाच्या पत्र्याची धूळ



सुरू लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटात फिरत होतो. एका वस्तीवर गोठ्याचे जुने छप्पर बदलायचे काम चालले होते. पोरगा कटर लावून सिमेंटचा पत्रा कापत होता, धुळीने त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या. आम्ही काम थांबवले, तर तात्या म्हणाले, "साहेब, शिमिटाचीच धूळ ती. तोंड धुतलं की झालं!"

तोंड धुऊन ही धूळ जात नाही, म्हणून आज ऊस बाजूला ठेवून हे लिहितो आहोत.

जुन्या सिमेंट पत्र्यात नुसते सिमेंट नसते. ताकदीसाठी त्यात ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू घातलेले असतात, शंभर किलोत साधारण आठ-दहा किलो. केसाहून कितीतरी बारीक. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात. पुढे फुप्फुसे घट्ट होऊन दम लागतो, फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोगही होतो. आणि हे बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी! १९९५ साली सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवायला सांगितले, ते उगीच नाही. पण गोठ्यावर पत्रा कापणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवतो? त्यात तो बिडी ओढत असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

म्हणून उद्याच छप्पर उतरवायला निघू नका. पत्रा धड आहे तोवर सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. धोका आहे तो कापण्यात, भोके पाडण्यात, फोडण्यात आणि शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारण्यात.

आमचीच चूक सांगतो. घरावर स्लॅब टाकला तेव्हा पडवीचे पत्रे आम्ही घणाने फोडून गोठ्याच्या वाटेवर चिखलात टाकले. वाट पक्की झाली म्हणून खूशही झालो. त्यावरून वर्षानुवर्षे ट्रॅक्टर गेले, तुकड्यांचा भुगा झाला, आणि घरची पोरं तिथेच गोट्या खेळली. परवा त्यावर मुरमाचा जाड थर टाकून घेतला. शेतकी डिप्लोमा झालेल्या माणसाला हे आधी कळायला हवे होते.

पत्रा काढायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा, वरून फेकू नका. नाकाला टॉवेल बांधून भागत नाही. कोरोनात वापरला तसला एन-९५ मास्कही पुरत नाही, घट्ट बसणारा पी-१०० किंवा एफएफपी-३ मास्क लावा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. (आणि फळी टाकल्याशिवाय जुन्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो केव्हा मोडेल नेम नाही.)

तुटके पत्रे टोळीला कोपीसाठी देऊन टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात मदत किती आणि आपली अडगळ काढणे किती? मजूर ते दगडाने फोडून बसवतात, शेजारी बाळ निजलेले असते. आमच्या मते हे बंद व्हावे. कारखान्याने दर गटात वापराबाहेरची जागा बघून, ग्रामपंचायतीच्या संमतीने, असे पत्रे अख्खेच्या अख्खे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोल पुरण्याची सोय करावी. वार्षिक सभेत हा विषय मांडायचा तर सूचक सभासदच लागतो, आम्ही पडलो पगारी माणसे. अर्ज गट ऑफिसात आणून द्या, पुढे पोचवण्याचे काम आमचे.