साडेसहा मीटरची खोली

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वसमतच्या मोंढ्यात हळदीचे ढीग पडले होते, वजनकाट्यांची गडबड चालू होती आणि आमच्या परिचयाचे एक अडते आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसून मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन काहीतरी वाचत होते. मला पाहताच त्यांनी हाक मारली. "सर, लेकराला इंग्लंडात खोली भेटली. साडेसहा मीटरची हाय म्हणतो. म्हणजे एकवीस फूट झाली की! आपल्या ओसरीयेवढी."

मोबाईलवरचा मजकूर मी पाहिला. तिथे ६.५१ चौरस मीटर असे लिहिले होते. चौरस हा शब्द त्यांच्या नजरेतून निसटला होता. चौरस मीटरचे चौरस फूट करायचे तर पावणेअकराने गुणावे लागते. गुणाकार केला तेव्हा उत्तर आले सत्तर चौरस फूट; म्हणजे सात फूट रुंद आणि दहा फूट लांब. अडत्यांचा चेहरा उतरला. "अहो, माझी बारदाना ठेवायची खोली याच्यापेक्षा मोठी हाय," ते म्हणाले. आणि खोलीचे भाडे रुपयांत सांगितले, तेव्हा शेजारी बसलेल्या हमालानेही मान वळवली.

हा प्रसंग एकट्या त्या अडत्यांचा नाही. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या वेळी आमच्या तालुक्यातला मुलगा शिकायला फार तर नांदेडला, नाहीतर औरंगाबादला किंवा पुण्याला जाई. आता कर्ज काढून, जमिनीचा तुकडा गहाण टाकून, कुणी सरकारी शिष्यवृत्तीवर, मुलेमुली इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, कॅनडा गाठतात. फी, विमानाचे तिकीट, व्हिसा यांची चौकशी घरोघर बारकाईने होते. मात्र ज्या खोलीत लेकरू दोन वर्षे झोपणार, तिचा हिशेब कुणी करत नाही. "राहील कुठेही, करील ॲडजस्ट" असे आपण म्हणतो. अडचण अशी की तिकडे ॲडजस्ट करणे हा पुष्कळदा कायद्याचा भंग ठरतो.

मुळात निजायची स्वतंत्र खोली ही कल्पनाच आपल्याकडे नवी आहे. आमच्या भागातले जुने माळवदाचे वाडे आठवून पाहा. घर किती मोठे, हे कुणी फुटांत सांगत नसे. तीन खणांचे घर, पाच खणांची ओसरी, सात खणांचे माजघर असा हिशेब असे. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण, आणि लाकूड जेवढे लांब मिळाले तेवढा तो खण. ढेलज, ओसरी, माजघर, देवघर, बाळंतिणीची अंधारी खोली यांना नावे होती, पण त्यांत झोपण्याची खोली अशी नव्हतीच. उन्हाळ्यात सगळे घर माळवदावर झोपे, पावसाळ्यात ओसरीवर, थंडीत माजघरात. रात्री अंथरूण पसरले की बेडरूम तयार आणि सकाळी वळकटी केली की ती नाहीशी! पाहुणे वाढले तर सतरंजी वाढे, खोली नव्हे.

पुढे सिमेंटच्या स्लॅबची घरे आली आणि दहा बाय दहाची बेडरूम आली. तरी मोजण्याची आपली मूळ दृष्टी फारशी बदलली नाही. २०११ च्या जनगणनेत खोली कशाला म्हणावे याची व्याख्या होती. भिंती, छप्पर, दार आणि एक माणूस झोपू शकेल एवढी जागा, म्हणजे किमान दोन मीटर लांबी, दीड मीटर रुंदी आणि दोन मीटर उंची. हे क्षेत्र होते तीन चौरस मीटर, जेमतेम बत्तीस चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात पाचसहा माणसांचे कुटुंब राहते आणि गर्दी झाली असे कुणाला वाटत नाही. अशा घरातून निघालेला मुलगा परदेशातल्या जाहिराती वाचतो तेव्हा शब्द इंग्रजीच असतात, पण अर्थ निराळे असतात.

पहिली फसगत होते ती आकड्यांची. आपल्याकडे वन बीएचके म्हणजे एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर. इंग्लंडात याच घराला वन बेड फ्लॅट म्हणतात, तिथपर्यंत ठीक. जर्मनीत मात्र याच घराची जाहिरात 'दोन त्सिमर' अशी येते. त्सिमर म्हणजे खोली. तिथे हॉलसुद्धा खोलीत धरतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पडवी हे धरत नाहीत. आपला मुलगा वाचतो दोन खोल्या, त्याला वाटते दोन बेडरूम, आणि तो मित्राला शब्द देऊन बसतो. प्रत्यक्षात बेडरूम एकच निघते. कधी अडीच त्सिमर असेही लिहिलेले असते. दहा चौरस मीटरहून लहान खोलीला अर्धी म्हणण्याची जुनी चाल अजून टिकून आहे, तिचा हा परिणाम. तिरप्या छपराखालच्या घरात आणखी एक हिशेब असतो. जिथे उंची एक मीटरपेक्षा कमी, ती जागा मोजायची नाही. एक ते दोन मीटर उंचीची जागा अर्धी मोजायची. बाल्कनी साधारणपणे पाव. असे मोजणे आपल्या बिल्डरांना कोण शिकवणार? आपल्याकडे सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टसुद्धा गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालत होते. शेवटी २०१६ चा रेरा कायदा आला आणि चटई क्षेत्रावर बोट ठेवावे लागले. जर्मनीतल्या पुष्कळ भाड्याच्या घरांत ओटाच नसतो, भांडी घासायचे सिंकही नसते, हे जाता जाता सांगून ठेवतो. आईने दिलेला कुकर घेऊन गेलेल्या मुलीला पहिल्या दिवशी हे कळले तर रडू येईल.

जपानी लोक मात्र मला आपल्या जवळचे वाटतात. ते अजून खोली चटयांच्या संख्येत सांगतात. सहा चटयांची खोली म्हणजे साधारण दहा चौरस मीटर. चटईचे माप गावोगाव थोडे बदलते, अगदी आपल्या खणासारखे.

आता इंग्लंडची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपली मुले तिथे मोठ्या संख्येने जातात आणि अडकतातही. तिथे जाहिरातीत सिंगल रूम, डबल रूम, बॉक्स रूम असे शब्द असतात. डबल रूम म्हणजे डबल बेड मावेल अशी खोली. दोघांना राहायची परवानगी असलेली खोली असा त्याचा अर्थ होत नाही. भाडे अर्धे होईल म्हणून दोन मित्र अशी खोली घेतात, करारावर नाव एकाचेच असते, आणि मालकाला कळले की दोघांनाही सामान उचलावे लागते. बॉक्स रूम म्हणजे जिन्याच्या डोक्यावरची चिंचोळी खोली. तिच्या कोपऱ्यात जिन्याचा उंचवटा वर आलेला असतो आणि कॉट त्याच्यावरच टेकवावी लागते.

एकमेकांचे नातेवाईक नसलेले लोक जिथे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वाटून राहतात, अशा परवान्याच्या घरांसाठी इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून किमान माप ठरलेले आहे. एका प्रौढ माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२, आणि दहा वर्षांखालच्या मुलाला ४.६४. छत दीड मीटरपेक्षा खाली असेल तेवढी जमीन मोजायची नाही. म्हणजे अडत्यांच्या मुलाला मिळालेली खोली कायद्याने चालणाऱ्या खोल्यांतली सर्वांत लहान होती. एक वीतही कमी असती तर ती भाड्याने देता आली नसती. ६.५१ सारखा विचित्र आकडा आला कुठून? सत्तर चौरस फुटांचे ते मीटरमधले रूप आहे. सत्तर, एकशेदहा, पन्नास हे आकडे ब्रिटनच्या १९३५ च्या गृहनिर्माण कायद्यातले. एकशेदहा चौरस फूट वा अधिक जागेत दोन माणसे, सत्तर ते नव्वदमध्ये एक, पन्नासपेक्षा कमी असेल तर कुणीच नाही. एक वर्षाखालचे बाळ मोजायचे नाही, दहा वर्षांपर्यंतचे अर्धे मोजायचे. १९८५ च्या कायद्यात तेच तक्ते पुन्हा आले.

इथे मनात एक खुटखूट राहतेच. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाटीच्या वस्त्यांची चर्चा झाली, १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. साहेबाच्या स्वतःच्या देशातल्या १९३५ च्या तक्त्याप्रमाणे त्या खोलीत दोन माणसे राहायची. आपल्याकडे तिच्यात अख्खे बिऱ्हाड आणि गावाकडून आलेले दीर-भाचे राहिले. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना तिथेच ५०० चौरस फुटांचे घर मिळायला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. दाटीत राहण्याची आपली सवय म्हणजे आपली संस्कृती, असे कौतुकाने बोलणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. त्यातले पुष्कळसे आपल्यावर लादलेले होते आणि आपण त्याचे गोड नाव ठेवले.

ही मापे केवळ आरामाशी निगडित असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. कुटुंब एकत्र येणार की नाही, हेही ती ठरवतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यानंतर परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर अशा कामांसाठी जर्मन भाषा शिकावी असे मराठवाड्यातल्या तरुणांनाही वाटू लागले. पण तिथे गेल्यावर बायकामुलांना बोलावताना पुरेशी जागा दाखवावी लागते. काही प्रकारच्या कुशल कामगारांना यातून सूट आहे. इतरांसाठी प्रशासकीय नियमांतले माप असे की सहा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला १२ चौरस मीटर, त्याखालच्या मुलाला १०, आणि दोन वर्षांखालचे बाळ धरायचे नाही. नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी मिळून झाले ३४ चौरस मीटर. तीसची खोली स्वस्तात मिळाली म्हणून जो आनंदाने सही करतो, त्याची बायको मग माहेरी बसून वाट पाहते. इंग्लंडात स्थायिक झालेल्या मुलाने इथून लग्न करून बायकोला नेतानाही घरात गर्दी होणार नाही हे दाखवावे लागते, आणि गर्दी कशाला म्हणायचे ते वर सांगितलेल्या १९८५ च्या कायद्यावरून ठरते. लग्न ठरवताना पत्रिका पाहतो, पगार पाहतो; घराचे चौरस मीटर विचारणारा वधुपिता मला अजून भेटायचा आहे.

अमेरिकेत राज्याराज्यांत फरक असला तरी प्रचलित इमारत संहितेत बेडरूम किमान सत्तर चौरस फूट, कोणतीही बाजू सात फुटांहून कमी नाही, आणि आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. तळघरातली खोली स्वस्त असते, पण अशी खिडकी नसेल तर ती झोपायची खोलीच नव्हे. एका बेडरूममागे दोन माणसे हे प्रमाण साधारणपणे वाजवी मानावे, असे तिथल्या गृहनिर्माण खात्याच्या १९९१ च्या एका टिपणात आहे. कॅनडाच्या जाहिरातीत 'वन प्लस डेन' दिसले तर डेन म्हणजे बहुधा बिनखिडकीची कोनाडेवजा जागा, एवढे समजावे.

मग मुलाने विचारायचे काय? खोलीची लांबी आणि रुंदी वेगवेगळी विचारावी. नुसते क्षेत्रफळ पुरत नाही. पाच फूट रुंद आणि चौदा फूट लांब बोळसुद्धा सत्तर चौरस फुटांचा होतो. करारात किती माणसांची नावे येतील, घराला परवाना असेल तर त्यावर किती माणसे लिहिली आहेत, हे विचारावे. आणि खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. फोटो काढणारा खोलीच्या कोपऱ्यात उभा राहिला की सत्तर फुटांची खोली दीडशेची दिसते.

अडत्यांची गोष्ट अर्धी राहिली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला घरी नेले. ओसरीच्या फरशीवर खडूने सात बाय दहाचा चौकोन आखला. आत तीन फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब कॉट काढली, एक टेबल काढले, एक कपाट काढले. जागा तशी पुरत होती. त्यांचे समाधान झाले. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, चौकोन ओलांडून मधोमध जाऊन बसल्या, इकडे-तिकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, पण दार कुणीकडं उघडतं?"

ते कुणी विचारलेच नव्हते. लगेच इंग्लंडला फोन लागला. मुलाने घर दाखवणाऱ्याला विचारून तासाभराने कळवले की दार आत उघडते, आणि उघडताना कॉटला अडते. अडीच फुटांचे दार फिरायला सहा-सात चौरस फूट जागा लागते, तेवढी कुणी सोडलेली नव्हती. मुलाने अजून सही केलेली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरी खोली घेतली, थोडी दूर, साडेसात चौरस मीटरची. खडूचा नवा चौकोन वहिनींनी स्वतः आखला, आणि त्यात पहिल्यांदा दार काढले.