तलावाची खरी हद्द

भूमीचा नकाशा एकदा काढला की तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. भूमी मात्र तशी राहत नाही. शेताची बिनशेती जमीन होते, माळावर कारखाना उभा राहतो, गावाची वेस रस्त्यात नाहीशी होते. हा बदल टिपण्याचे काम पूर्वी मोजणीदाराच्या साखळीकडे असे. आज तिच्या जोडीस कृत्रिम उपग्रह आले आहेत. या नव्या साधनाचा गौरव पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या उपयोगासंबंधी एकच मत मांडावयाचे आहे. तलावाची हद्द ठरविताना एखाद्या कोरड्या वर्षाचे चित्र प्रमाण मानू नये; ज्या चित्रात पाणी सर्वाधिक पसरलेले दिसते, तेच प्रमाण मानावे.

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर असलेले होसकोटे हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. या नावाचा अर्थ ‘नवा कोट’ असा आहे. सुगटूरचा नायक तम्मेगौडा याने १५९५ च्या सुमारास हा कोट व त्यालगतचा तलाव बांधला, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. पुढे हे ठिकाण शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १७६८ मध्ये मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर हैदर अलीने रात्री छापा घातला तोही येथेच. तेव्हा मराठी वाचकास हे नाव अगदीच परके वाटू नये.

दक्षिण पिनाकिनी नदीच्या पाण्यावर भरणारा हा तलाव तुडुंब असता त्याचा घेर दहा मैलांचा होई, अशी गॅझेटियरांतील नोंद आहे. परंतु दख्खनच्या पठारावरील असे तलाव उथळ असतात. पाणी हातभर उतरले तरी काठ कित्येक शेते मागे सरकतो, आणि अवर्षणाच्या सालात जेथे पाणी असावयाचे तेथे नुसती भेगाळलेली जमीन दिसते. त्यातच या गावापासून आज बंगळूर-चेन्नई द्रुतगती मार्ग निघतो. बंगळूरभोवतालच्या गावांना जोडणारा वळणरस्ताही येथूनच जातो. रस्त्यामागोमाग कारखाने व गोदामे येतात, आणि मोकळ्या दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्यास भाव चढतो. कोरड्या पडलेल्या तलावाचा धोका नेमका येथे आहे.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या होसकोटे येथील केंद्रातून लडाखमधील हान्ले येथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण उपग्रहाच्या साहाय्याने चालविली जाते. ज्या गावातून आकाशाचे निरीक्षण होते, त्या गावाचे आकाशातून निरीक्षण कसे होते, हेही पाहू. भारताचा आय.आर.एस.-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू म्हणजे जमिनीवरील ७२.५ मीटर बाजूचा चौकोन, अर्थात सव्वा एकराहून किंचित अधिक क्षेत्र होय. आजच्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांचा बिंदू दहा मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा आहे.

हे उपग्रह डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरणही टिपतात. हिरवे पान हे किरण मोठ्या प्रमाणात परत पाठविते, तर स्वच्छ पाणी ते शोषून घेते. म्हणून नेहमीच्या कृत्रिम रंगांच्या चित्रात पीक तांबडे, पाणी काळसर आणि दाट वस्ती निळसर करडी दिसते. निरनिराळ्या वर्षांची चित्रे शेजारी ठेवली की वस्तीची वाढ उघड होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७३ पासूनची चित्रे तपासून, शहरातील बांधकामाखालील क्षेत्र सुमारे दहा पट झाल्याचे दाखवून दिले आहे.

तथापि चित्र पाहणे निराळे आणि ते वाचणे निराळे. जलपर्णीने झाकलेला तलाव चित्रात शेतासारखा तांबडा दिसतो. निलगिरीची लागवडही दाट रानासारखी भासते. पावसाळ्यात तलाव भरतात, पण नेमके तेव्हाच ढग आड येतात. ढगांतून पार पाहणारे रडार उपग्रह ही उणीव भरून काढतात. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला भारत व अमेरिका यांचा निसार हा त्यांपैकीच एक. सर्वांत घातक चूक मात्र कोरड्या तलावाची. त्याचा तळ चित्रात पडीक जमिनीसारखा दिसतो, आणि कागदावर एकदा ‘पडीक’ असा शेरा पडला की त्या जागेवर इमारत उभी राहण्यास फार काळ लागत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, तलाव तुडुंब भरण्याचे साल क्वचितच येते. तेवढ्यासाठी मोलाची जमीन का अडवून ठेवावी? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. जमिनीची गरज खोटी नाही. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्व भागातील वसाहती व रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा पाणी आपली जुनी जागा विसरत नाही हे दिसून आले. समुद्रकाठी हे तत्त्व आपण मान्य केलेच आहे. १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने किनाऱ्याचे नियंत्रित क्षेत्र भरतीच्या रेषेपासून मोजावयाचे ठरविले, ओहोटीच्या रेषेपासून नव्हे. अवर्षण ही तलावाची ओहोटीच होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये बंगळूरच्या तलावांभोवती ७५ मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. पट्टा किती रुंद असावा हा वाद महत्त्वाचा खरा. पण तो कोठून मोजावयाचा हे ठरल्यावाचून त्या रुंदीस अर्थ नाही.

लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात. प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात आपल्या तलावाची ओल्या व कोरड्या सालांची चित्रे गावच्या मोजणी-नकाशाशेजारी लावून ठेवावीत. विद्यार्थ्यांनी ती घेऊन बांधावर जावे, सांडवा व ओहळ पाहावेत आणि पूर कोठवर आला होता हे वृद्धांस विचारावे. बदल कोठे झाला हे उपग्रह सांगेल. तो का झाला आणि कोणाच्या परवानगीने झाला, हे विचारण्याचे काम नागरिकांचेच आहे.